सातव्या दिवशी सोडलेली नदी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, मकरंदजवळ तर नाहीच नाही. एकाच माणसाला ती माहीत होती, आणि त्यालाही मी सांगितली नव्हती – त्याला आपोआप कळली. तो माणूस आता नाही. म्हणजे आता ती फक्त माझ्याकडे आहे, आणि मला एकट्याला ती झेपत नाहीये. यातलं बरंचसं मला अजून समजलेलंच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सांगताना मी मागे-पुढे जाईन. चालवून घ्या, किंवा नका घेऊ.

कुठून सुरू करू? मकरंदपासून करतो, ते सोपं आहे.

मकरंद आणि मी पुण्याला कॉलेजात एका बाकावर, आणि पुढे सिंगापूरलाही एकाच धंद्यात – जहाजांची दुरुस्ती. मी तुआसच्या एका यार्डात, तो दुसऱ्या कंपनीत. मी चोआ चू कांगला राहायचो, तो सेम्बावांगला. मकरंद म्हणजे एखादी गोष्ट डोक्यात शिरली की हात धुऊन तिच्या मागे लागणारा प्राणी. त्याच्या डोक्यात एक नदी शिरली. कॅनडाच्या अगदी वरच्या टोकाची. तिच्या काठावर रस्ता नाही, गाव नाही, पूल नाही. छोट्या विमानाने वरच्या तळ्यात उतरायचं आणि कयाकने एकवीस दिवस खाली समुद्रापर्यंत जायचं. कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी – कमरेपर्यंत आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत राहायचं. सहा वर्षं तो या नदीची तयारी करत होता. बेडरूमच्या भिंतीवर तिचा नकाशा होता, आणि स्वाती, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की सवत असती तर भांडता तरी आलं असतं.

आणि मी? मला नदीचं काही नव्हतं हो. दर रविवारी सकाळी तो मला सेम्बावांगच्या किनाऱ्यावरून पाण्यात काढायचा, समोर मलेशियातल्या जोहोरच्या इमारती, मध्ये सपाट कोमट पाणी. दोन तास वल्ही मारली की हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, पराठा आणि तेह – तिकडचा दाट दुधाचा चहा. मला तो पराठा आवडायचा. मकरंद सोबत असला की मी जरा बरा माणूस असल्यासारखं वाटायचं, तेही आवडायचं. त्याने विचारलं, "येणार ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!" इतकंच. आयुष्यातले मोठे निर्णय मी नेहमी असेच घेतलेत.

आता एक गोष्ट फक्त आपल्याच लोकांत होते. माणूस जाऊन आला की सत्कार करायचा, ही जगाची रीत. आमच्या मंडळाने आम्हाला जायच्या आधीच शाल आणि श्रीफळ दिलं. जून महिन्यात सिंगापूरला शाल! शे-दीडशे माणसं. मला चार शब्द बोलायला सांगितलं, आणि मी बोललो – भीती? भीती कसली? पाणी ते पाणी. टाळ्या पडल्या. माझा मुलगा पहिल्या रांगेत बसून शेजारच्या पोराला म्हणाला, "माय डॅड सो स्टेडी, लाह." ती शाल अंगावर पडली तेव्हाच परतीचं दार बंद झालं, असं मी बरेचदा स्वतःला सांगितलंय. पण हे कारण झालं, आणि कारण द्यायला मी बसलेलो नाही. मकरंदच्या अंगावरही तशीच शाल होती की.

२०१३ साल. शाळांना जूनची सुट्टी, म्हणून माझी बायको मेधा मुलांना घेऊन पुण्याला माझ्या बाबांकडे गेली. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, बाबा एकटेच असायचे. बाबा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात गेला. भाजीवाल्याने काटा जरा झुकवला तरी ते नुसते बघायचे, आणि तो मुकाट्याने दोन वांगी वर टाकायचा. अशा माणसाचा मी मुलगा, हे लक्षात असू द्या.

मेधाने बरोबर मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी दिली होती. मकरंदने विमानात बसण्याआधी चटणी काढून टाकली. वासाने अस्वलं येतात म्हणे. फोडणीला तर सक्त बंदी – एकवीस दिवस मोहरी तडतडणार नाही, समजलं का अव्या? आम्ही पोट धरून हसलो होतो.

विमानाने आम्हाला तळ्यावर सोडलं आणि ते निघून गेलं. त्याचा आवाज बारीक होत होत संपला. मग कसलाच आवाज नाही. तुम्ही कधी ऐकलंय असं? यार्डात मी वीस वर्षं ग्राइंडर आणि हातोड्यांच्या आवाजात काढलेली. इथे माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू येत होता. सूर्य मावळत नव्हता. झोपायचं कधी, उठायचं कधी, काही कळेना. डास तोंडावर चादरीसारखे. आणि मकरंद – मकरंद शीळ घालत होता! सहा वर्षं भिंतीवर बघितलेलं प्रत्येक वळण त्याला पाठ होतं. "आता डावीकडे वाळूचा दांडा येईल," म्हणायचा, आणि यायचा. माणूस इतका आनंदात असलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

बरं. सहावा दिवस.

नदी एका ठिकाणी अरुंद होऊन दगडांतून खळाळत जात होती. मकरंद पुढे गेला आणि त्याने हात वर करून वाट दाखवली. मी त्याच वाटेने गेलो – निदान मला तसं वाटलं – आणि उलटलो. किती वेळ पाण्यात होतो? मकरंद म्हणतो अर्धं मिनिट. पाणी गार नव्हतं, त्याला गार म्हणतच नाहीत, ते काहीतरी वेगळं होतं. त्याने मला कॉलरला धरून काठावर ओढलं, कपडे बदलायला लावले, चहा पाजला. आणि हसून म्हणाला, "झालं, बाप्तिस्मा झाला तुझा! आता पंधरा दिवस मजा."

पंधरा दिवस. मी बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

तेव्हा मी म्हणू शकलो असतो, मकरंद, मला भीती वाटते. चार शब्द. तो काय म्हणाला असता? काहीच नाही. थांबला असता एक दिवस, समजूत घातली असती, नाहीतर परत फिरला असता. त्याने मला हिणवलं नसतं, ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. मग का नाही म्हणालो? इतकी वर्षं मी हा प्रश्न फिरवून फिरवून बघतोय. लाज म्हणावी, तर पुढे जे केलं त्याची लाज शंभरपट. भीती म्हणावी, तर ती पाण्याची होती की मकरंदच्या चेहऱ्यावरून तो आनंद उतरताना बघण्याची? आणि तसं असेल, तर मग तो मीच का उतरवला? नाही कळत.

आमच्याकडे उपग्रहावरून निरोप धाडायचं एक छोटं यंत्र होतं. ते माझ्या ताब्यात. रोज जेवणाआधी मी त्यावरून दोन्ही बायकांना "सगळं ठीक" कळवायचो, आणि त्यांचा काही निरोप आला की मकरंदला वाचून दाखवायचो. सातव्या दिवशी सकाळी, पाण्यात उतरण्याआधीच, मेधाचा निरोप आला. शब्दन् शब्द सांगतो: "बाबा मजेत. आज कैरीचं लोणचं घातलं, तुमची बरणी वेगळी ठेवलीय. उद्या मुलांना घेऊन चार दिवस नाशिकला जातेय. डास किती?"

मकरंद दगडावर बसून तांदूळ धूत होता. म्हणाला, "काय म्हणते मेधा?"

आणि मी यंत्राकडे बघत, वाचतोय अशा आवाजात म्हणालो, "बाबांच्या छातीत दुखतंय. लगेच ये."

हे मी केलं. ठरवून? मला वाटतं, तोंड उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं. पण मेधा नाशिकला जातेय, म्हणजे घरी बाबा एकटे, म्हणजे लगेच बिंग फुटणार नाही – हे माझ्या डोक्यात आलं होतं का? आलं असणार. यार्डातला माणूस आहे मी, कुठली झडप आधी बंद करायची ते हाताला कळतं. आमच्या घरी साधं "मेलो दमून" म्हटलं तरी आई म्हणायची, शुभ बोल रे, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो. तिथे वास्तू नव्हती. मी तेवढंच मनात म्हणालो, आणि निरोप पुसून टाकला.

मकरंद उठला. नदीकडे बघितलं – फार नाही, चपलेचा बंद बांधायला लागतो तितका वेळ. मग म्हणाला, "चल, आवर. खाली दोन तासांवर पात्र रुंद आहे, तिथे विमान उतरेल." कुणाचा निरोप, किती दुखतंय, काही विचारलं नाही. सहा वर्षं, आणि एक प्रश्न नाही! त्या दोन तासांत माझ्या होडीला दोरी बांधून त्याने मला ओढत नेलं, कारण माझे हात चालत नव्हते. ते बाबांच्या काळजीने चालत नाहीत, असं त्याला वाटलं.

विमान दुसऱ्या दिवशी येणार होतं. त्या संध्याकाळी – संध्याकाळ आपली म्हणायची – त्याने खिचडी केली आणि स्वतःच लपवून आणलेली पुडी सोडून, चक्क तेल तापवून मोहरी-हिंगाची फोडणी दिली. मी बघतच राहिलो. "येऊ दे अस्वल आलं तर," तो म्हणाला, "तुझ्या पोटात घरचं काहीतरी जाऊ दे." मी ती खिचडी खाल्ली. दोनदा घेतली.

सिंगापूरच्या विमानतळावर त्याने माझं पुढचं तिकीट हातात दिलं, खांदा दाबला. मी पुण्याला पोचलो ते आता काय सांगायचं याचा काहीएक विचार न करता. बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर, ठणठणीत. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ये. मी आता बरा आहे. सौम्य होतं, असं मी सांगितलंय."

झालं होतं असं, की मकरंदने वाटेत स्वातीला कळवलं, आणि स्वातीने घाईघाईने पुण्याला फोन लावला. फोन बाबांनीच उचलला. काका, छातीत दुखतंय ना, हे दोघं नदी अर्धवट सोडून निघालेत हो! बाबांनी तेवढ्यात सगळं ताडलं असेल. मग म्हणाले – हो, दुखत होतं खरं, आता ठीक आहे, मेधाला कळवू नकोस, ती उगाच घाबरेल. मेधा नाशिकहून परतली तेव्हा त्यांचं सगळं तयार होतं. तू गेलीस आणि जरा कळ आली, फ्रिजवर त्या यंत्राचा पत्ता लावलेला होता, मीच मेल टाकला. डॉक्टरांना दाखवलंय, पथ्य सांगितलंय.

खोटी वजनं पकडणारा माणूस. त्याने माझं खोटं उचललं आणि स्वतःच्या पारड्यात ठेवलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. मी विचारायची वाट बघत होतो – आठ दिवस बघितली. ते आपले चहा घेतोस का, एवढंच.

मेधाने मात्र पथ्य मनावर घेतलं. मीठ कमी, तूप बंद, लोणचं तर बिलकूल नाही. बाबांचं लोणच्यावाचून पान हलायचं नाही. पुढची चार वर्षं ती सिंगापूरहून रोज फोनवर विचारायची, "बाबा, लोणचं नाही ना?" आणि ते म्हणायचे, "नाही गं बाई." एकटे राहायचे, कोण बघायला होतं? पण नाही म्हणजे नाही. मी जेव्हा जेव्हा पुण्याला जायचो, तेव्हा कपाटात ती बरणी तशीच असायची – माझ्यासाठी वेगळी ठेवलेली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली. मी तिला हात लावला नाही. कुणीच लावला नाही. शर्टाच्या खिशात बाबा हृदयविकारावरची, जिभेखाली ठेवायची गोळी बाळगायचे, मेधाने दिलेली. कुठल्या छातीसाठी?

सिंगापूरला मंडळाने पुन्हा माझं कौतुक केलं. कार्यवाह म्हणाले, आजच्या काळात असा श्रावणबाळ विरळा. मी हात जोडले. मकरंद टाळ्या वाजवत होता.

तो नदीवर परत गेला नाही. आधी रजा नव्हती, मग तेलाचे भाव पडले, यार्डं रिकामी झाली, तिथे काम करायच्या त्याच्या पासची मुदत वाढली नाही, आणि तो पुण्याला परतला. गुडघाही गेला. दर रविवारी तो बाबांकडे जायचा. दोघं नकाशा पसरून बसायचे. बाबा त्याला उरलेल्या पंधरा दिवसांचं एकेक वळण विचारायचे. हे मला मकरंद फोनवर सांगायचा, मोठ्या कौतुकाने.

इथवर आलो. आता ते. एवढं सगळं सांगितलं ते बहुधा याच्यासाठी, आणि आता आलंय तर जीभ जड झालीय.

२०१७. दुपारी मी तुआसला गोदीत होतो, फोन वाजला. मकरंद. अव्या, काकांना छातीखाली जोरात दुखायला लागलं, मी हॉस्पिटलमध्ये आणलंय, डॉक्टर विचारतायत आधी काही झालं होतं का. मी त्यांना सांगितलं चार वर्षांपूर्वीचं. काकांनीही मान डोलावली. घे, डॉक्टरांशी बोल. आणि एका तरुण मुलीचा आवाज – हार्टचा जुना त्रास आहे ना? नक्की?

मागे ग्राइंडर चालू होता. "एक मिनिट" म्हणून मी बाहेर जाऊ शकलो असतो. म्हणू शकलो असतो, नाही हो, त्यांना कधी काही झालेलं नाही, ते मी खोटं बोललो होतो. पण फोन मकरंदचा होता. मकरंद तिथे उभा होता, ऐकत.

मी म्हणालो, "हो. माइल्ड होता. रिपोर्ट सापडत नाहीत."

त्यांना हृदयाच्या वॉर्डात नेलं. एक दिवस तिथेच तपासण्या चालल्या. मी पोचलो तोवर कळलं होतं की दुखणं पित्ताशयाचं आहे, आत सगळं सडलंय. ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी बाबा गेले. मोठे डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी हाती लागलं असतं तर – पण या वयात तसंही काही सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय? हो की नाही? मी विचारलं नाही. तो एक दिवस माझा होता की नव्हता, हे मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायला मी कधी गेलोही नाही.

आणि बाबांनी मान का डोलावली? इतकं दुखत असताना? मकरंद शेजारी उभा होता म्हणून. माझं खोटं त्याच्यासमोर उघडं पडू नये म्हणून. दुसरं काय असणार? ऑपरेशननंतर शुद्धीवर होते तेव्हा मी पलंगाशी बसलो होतो. मला वाटलं आता बोलावं. त्यांनीच विचारलं, "नदी किती उरली होती रे?" मी म्हणालो, "पंधरा दिवस." ते म्हणाले, "बरीच होती." आणि डोळे मिटले.

तेराव्याला मकरंद माझ्या शेजारी बसला. डोळे पुसून म्हणाला, "बरं झालं अव्या, तेव्हा आपण परत फिरलो. तुला बाप चार वर्षं जास्त मिळाला." मी मान डोलावली.

मेधाने बाबांच्या पानासाठी कपाटातून ती बरणी काढली. आता कसलं पथ्य, म्हणाली, आणि रडायला लागली. दादरा सोडला, एक फोड त्यांच्या पानात ठेवली, मग पंगतीत सगळ्यांना वाढत माझ्यापर्यंत आली.

मी खाल्लं. चांगलं मुरलं होतं. आणखी मागून घेतलं.